घरच्या घरी एअर रायफलचा सराव : इलेक्ट्रॉनिक ट्रेनर बसवण्याविषयी

बाणेरची_आई

नमस्कार. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल प्रकारात, पीप साइटवर (डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नेम धरून) खेळते. बालेवाडी-म्हाळुंगेची रेंज घरापासून फार दूर नाही. परंतु शाळा, शिकवणी आणि बाणेर रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक यांच्या कात्रीत सापडल्यामुळे आठवड्यातील निम्म्याहून अधिक दिवस तिला रेंजवर जाता येत नाही. त्या दिवशी ती घरी ड्राय प्रॅक्टिस करते, म्हणजे छर्रा न भरता नेम धरून केवळ ट्रिगर दाबते. तिच्या प्रशिक्षकांनी आता नळीवर बसवायचा इलेक्ट्रॉनिक ट्रेनर घेण्याविषयी सुचवले आहे. आमच्या हॉलची लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा मीटरच्या आसपास आहे. एवढ्या जागेत त्याचा खरोखर उपयोग होतो का, कोणत्या प्रकारचे उपकरण घ्यावे आणि ते बसवताना कशाकडे लक्ष द्यावे, हे ज्यांनी वापरले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. किंमत मध्यम दर्जाच्या लॅपटॉपहून जास्त असल्यामुळे घाई करायची नाही.

दहा_पूर्णांक_नऊ

ताई, सहा मीटरचा हॉल पुरेसा आहे. उपकरणाच्या प्रकाराविषयी आधी लिहितो, कारण ‘शूटिंग ट्रेनर’ या एकाच नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार लेझरचा. ट्रिगर दाबताच प्रकाशाचा एक ठिपका टार्गेटवर पडतो आणि मोबाइलचा कॅमेरा किंवा पाटी तो टिपते. यात नेम कुठे लागला एवढेच कळते. त्याआधीच्या आठ-दहा सेकंदांत नळी कुठे फिरत होती याचा काहीच मागमूस राहत नाही. दुसऱ्या प्रकारात शस्त्राला हालचाल मोजणारा संवेदक लावतात. मँटिस-एक्स हे त्याचे परिचित उदाहरण. शस्त्र कोणत्या दिशेने आणि किती हलले हे तो सांगतो, पण टार्गेट त्याला दिसत नसल्यामुळे ती हालचाल दहाच्या ठिपक्याभोवती झाली की आठच्या वर्तुळात, हे त्याला कळण्याची सोय नाही. तिसरा प्रकार नळीवरच्या संवेदकाने टार्गेट पाहून संगणकाच्या पडद्यावर नेमाची अखंड रेघ काढणारा. रशियाचा स्कॅट आणि फिनलंडचा नोपटेल ही त्यातील जुनी नावे. आपल्याकडील रेंजवर ‘स्कॅट लावला का’ असे विचारतात तेव्हा हाच प्रकार अभिप्रेत असतो आणि तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांच्या मनातही बहुधा हाच असावा. एअर रायफलसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते या तिसऱ्या प्रकारावरच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण आकड्यांतच आहे. एअर रायफलच्या टार्गेटवरील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्‍याची कड त्या ठिपक्याला स्पर्श करून गेली तरी दहा मिळतात; म्हणजे छर्‍याचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवे. पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश गुण बदलतो. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर अंतर धरले, तर दहा मीटरवरील अडीच मिलिमीटर म्हणजे नळीच्या टोकाची पाव मिलिमीटर हालचाल. मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या डोळ्याला ती दिसणे शक्य नाही. ती रेघेत दिसते, आणि या उपकरणाचे मोल तेवढ्यासाठीच आहे.

आता मांडणी. टार्गेट पाच मीटरवर लावायचे असेल तर ते निम्म्या आकाराचे हवे. खऱ्या टार्गेटवरील काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे असते, म्हणून घरचे १५.२५ मिलिमीटरचे. सॉफ्टवेअर अंतर विचारून योग्य आकाराचे टार्गेट छापून देते. परंतु प्रिंटरमधील ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून मूळ आकारातच छापावे आणि छापल्यावर व्हर्नियरने किंवा निदान चांगल्या मोजपट्टीने वर्तुळ मोजून पाहावे. बऱ्याच घरांत ही गोष्ट राहून जाते आणि मग फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरील साइटच्या, रिंगमध्ये काळ्या वर्तुळाभोवती दिसणारी पांढरी जागा रेंजवरच्यापेक्षा वेगळी दिसू लागते. मुलीची नजर त्या पांढऱ्या जागेच्या समान जाडीवरच घडत असते, तेव्हा इथे फरक पडणे परवडणारे नाही.

उंचीचा प्रश्न याहून अधिक दुर्लक्षित राहतो. रेंजवर टार्गेटचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असते. घरीही तेच माप घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण अंतर निम्मे झाले की नळीचा कोन बदलतो. समजा, नेम धरल्यावर नळी जमिनीपासून १.५० मीटरवर येते. दहा मीटरवर ती दहा सेंटिमीटर खाली उतरते, म्हणून पाच मीटरवर ती पाच सेंटिमीटरच उतरायला हवी आणि टार्गेटचे केंद्र १.४५ मीटरवर यायला हवे. उंची जशीच्या तशी १.४० ठेवली तर कमरेपासूनची सगळी ठेवण किंचित खाली झुकते आणि शरीर घरी एक पवित्रा शिकते, रेंजवर दुसरा.

पांढरी_भिंत

वरील माहिती उपयुक्त आहे, तरीही थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या पिढीने घरी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रायफल धरून सराव केला. टार्गेट नाही, गुण नाहीत. केवळ फोरसाइट स्थिर ठेवायचा आणि ती स्थिरता न मोडता ट्रिगर सोडायचा. हल्लीच्या मुलांना प्रत्येक शॉटनंतर पडद्याकडे पाहण्याची सवय लागते. शॉट सुटला की मान वळते, आणि फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवणे, नावाची गोष्ट उरतच नाही. एवढा खर्च करून पालक मुलांना आकड्यांच्या नादी लावत आहेत असे मला वाटते. शिवाय घरच्या ट्रेनरवरचे गुण रेंजवरच्या गुणांशी जुळत नाहीत, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. जुळत नसतील तर त्यांचा उपयोग काय?

दहा_पूर्णांक_नऊ

पांढऱ्या भिंतीचा सराव आजही करावा, त्याविषयी दुमत नाही. मान वळण्याविषयीची आपली तक्रारही रास्त आहे आणि त्यावरचा उपाय सोपा आहे. लॅपटॉप नेमबाजाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असा ठेवावा आणि आवाजातून गुण सांगण्याची सोय बंद करावी. रेघा सराव संपल्यावर, जॅकेट काढून, खुर्चीवर बसून पाहाव्यात.

गुण न जुळण्याची मात्र कारणे आहेत आणि ती समजली की तक्रार उरत नाही. ड्राय प्रॅक्टिसमध्ये छर्रा नसतो. प्रत्यक्षात ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही सहस्रांश जातात आणि त्या वेळात नळी हलत असेल तर नेम सरकतो. हा सरकण्याचा परिणाम सॉफ्टवेअर एका गुणकाने अंदाजाने मिळवते. स्कॅटमध्ये त्याला एफ-गुणक म्हणतात. तो कमी ठेवला की घरचे गुण फुगतात, वाढवला की पडतात. त्यामुळे आकडा वाटेल तसा ‘सुधारता’ येतो. हा गुणक प्रशिक्षकांकडून एकदा ठरवून घ्यावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये.

दुसरे कारण भूमितीचे आहे. नळीचा कोन बदलल्यामुळे होणारी चूक अंतराच्या प्रमाणात वाढते वा घटते, म्हणून लहान केलेल्या टार्गेटवर ती अचूक तेवढीच दिसते. पण शरीर डोलल्यामुळे संपूर्ण रायफल कोन न बदलता एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर नेम दहा मीटरवरही एकच मिलिमीटर सरकतो आणि पाच मीटरवरही एकच. पाच मीटरचे टार्गेट निम्मे असल्यामुळे सॉफ्टवेअर त्याला दोन मिलिमीटर समजते. म्हणजे जागा जितकी अपुरी तितके शरीराचे डोलणे मोठे दिसणार. याच कारणाने मी चार मीटरपेक्षा पाच मीटर आणि पाचपेक्षा सहा मीटर पसंत करतो, आणि घरच्या गुणांची तुलना फक्त घरच्याच गुणांशी करतो.

करवीरकर

मी पिस्तूल खेळतो, त्यामुळे टार्गेटचे आकडे माझ्यासाठी वेगळे आहेत. काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे, दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे आणि दशांश गुणाची पायरी ०.८ मिलिमीटरची. बाकी मांडणीचे तत्त्व तेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यानंतर ओळखीच्या अनेक घरांतून ‘मुलाला नेमबाजीला घालायचे आहे, घरी काय करता येईल’ अशी विचारणा होऊ लागली. त्यांना मी सांगतो त्यातल्या दोन गोष्टी इथे नोंदवतो, कारण त्या उपकरणाबरोबर येणाऱ्या परदेशी माहितीपत्रकात सापडत नाहीत.

एक म्हणजे छताचा पंखा. टार्गेटचा कागद नुसता भिंतीला चिकटवला तर वाऱ्याने त्याच्या कडा फडफडतात आणि रेघ विनाकारण थरथरताना दिसते. कागद सनबोर्डवर पूर्ण चिकटवून तो बोर्ड भिंतीला पक्का करावा. त्याहून त्रासदायक म्हणजे दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली टार्गेटवरून सतत धावत राहते. कॅमेऱ्याच्या संवेदकाला टार्गेट क्षणभर दिसते, क्षणभर हरवते आणि रेघ तुटक येते. आमच्याकडे एकाने संवेदक बिघडला असे समजून तो परत पाठवण्याची तयारी केली होती. पंखा बंद केल्यावर सगळे सुरळीत झाले. टार्गेटसाठी स्वतंत्र पांढरा दिवा हवा, तो समोरून पण थोडा वरून यावा, त्याचा प्रकाश संपूर्ण कागदावर सारखा पडावा आणि कागद चकचकीत नसावा. स्वस्त एलईडी दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर सूक्ष्म लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. असा दिवा टाळावा.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. रायफलवाल्यांनी पंखा बंद करून एप्रिल-मे महिन्यांत कॅनव्हासचे जाड जॅकेट आणि पँट घालून उभे राहायचे म्हणजे काय, हे घातल्याशिवाय कळायचे नाही. घामाने गाल चीकपीसवरून घसरतो आणि रेघ बिघडते ती वेगळीच. त्या दिवसांत सराव पहाटे उरकावा, नाहीतर जॅकेट न घालता केवळ ट्रिगरचा सराव करावा.

म्युनिकवासी

इथल्या क्लबमध्ये पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जर्मनीत बारा वर्षांखालील मुलांना सामान्यतः एअरगन हाताळू देत नाहीत. त्यांच्यासाठी क्लबमध्ये प्रकाशझोत सोडणाऱ्या हलक्या रायफली असतात. वर ज्याला लेझरचा प्रकार म्हटले आहे त्याच्याच या चुलत बहिणी. लहान मुलांना पवित्रा, शिस्त आणि सुरक्षितता शिकवायला त्या उत्तम आहेत. त्यामुळे पहिला प्रकार टाकाऊ म्हणता येणार नाही. तो वेगळ्या वयासाठी आहे एवढेच. बाकी इथेही रेघ काढणारे उपकरण क्लबचे असते आणि खेळाडू ते आळीपाळीने वापरतात. पुण्यात दोन-तीन पालकांनी मिळून घेण्याचा विचार करायला हरकत नसावी. संवेदक एका रायफलवरून दुसरीवर चढवायला फार वेळ लागत नाही, फक्त प्रत्येक वेळी नव्याने जुळणी करावी लागते.

बाणेरची_आई

सर्वांचे मनापासून आभार. एकत्र घेण्याची कल्पना आवडली. रेंजवरच्या आणखी एका पालकांशी बोलते. आता दोन शंका. सोसायटीत घरी रायफल ठेवून असा सराव करण्यात कायद्याची किंवा सुरक्षिततेची काही अडचण आहे का? आणि उपकरण हाती आल्यावर त्या रंगीत रेघांत नेमके पाहायचे काय? प्रशिक्षकांना प्रत्येक वेळी रेघा पाठवणे बरे दिसत नाही. थोडेफार मलाही वाचता यावे.

दहा_पूर्णांक_नऊ

कायद्याचे थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी असते. खरेदीची कागदपत्रे मात्र घरी नीट ठेवावीत. रायफल नेहमी बंद पेटीतून न्यावी-आणावी, सराव करताना खिडकीचे पडदे ओढून घ्यावेत आणि शेजाऱ्यांना एकदा शांतपणे कल्पना देऊन ठेवावी. लिफ्टमध्ये उघडी रायफल पाहून कोणी पोलिसांना फोन केला, तर नियम आपल्या बाजूने असूनही संध्याकाळ वाया जाते.

सुरक्षिततेबाबत मी अधिक कडक आहे. सरावाच्या खोलीत छर्‍यांचा डबा असूच नये. तो दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावा. प्रत्येक वेळी ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडून, आत पाहून मगच सुरुवात करावी आणि रायफल खाली ठेवताच सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) नळीत घालावा. स्पर्धेच्या बहुतेक पीसीपी (सिलिंडरमधील दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलींना ड्राय फायरची स्वतंत्र सोय असते आणि त्यात हवा खर्च होत नाही. शक्य असल्यास घरासाठी एक रिकामा सिलिंडर ठेवावा, म्हणजे समतोल तोच राहतो आणि हवेचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांची मुले ओपन साइटवर (छिद्राऐवजी उघड्या खाचेतून नेम धरून) स्प्रिंगची रायफल वापरतात त्यांनी मात्र लक्षात घ्यावे की छर्‍याशिवाय ती झाडल्यास पिस्टन आणि सील खराब होतात. तिच्यावर हा सराव करू नये.

संवेदक बसवताना त्याचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून घ्यावे आणि नळीवरचे तेवढेच वजन कमी करावे किंवा मागे सरकवावे, नाहीतर रायफल पुढून जड होते. वायर असेल तर ती फोरएंडला (नळीखालच्या पुढच्या भागाला) सैल वळसा देऊन चिकटवावी. लोंबकळणारी वायर रायफलला एका बाजूला ओढत राहते. ट्रिगरचा खटका ओळखण्याची संवेदनशीलता अशी ठेवावी की ड्राय फायरचा प्रत्येक खटका नोंदला जाईल, पण बोल्ट (ब्रीच बंद करायचा दांडा) बंद केल्याचा आवाज शॉट म्हणून नोंदला जाणार नाही.

आता रेघा. स्कॅटमध्ये नेम धरू लागल्यापासूनची रेघ हिरवी असते, शेवटच्या सेकंदाची पिवळी, त्यातल्याही अगदी अखेरच्या सुमारे पंचमांश सेकंदाची निळी, आणि शॉटनंतरची लाल. सुरुवातीला हिरवीकडे पाहावे. ती प्रत्येक शॉटला एकाच दिशेने, बहुतेक वेळा वरून, काळ्या वर्तुळात उतरते का? एकदा डावीकडून आणि एकदा खालून येत असेल, तर पवित्रा दर वेळी नव्याने जुळवला जात आहे असे समजावे. अशा वेळी मुलीने डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडून नेम आपोआप कुठे स्थिरावला ते पाहावे. तो बाजूला असेल तर हाताने रायफल ओढून आणू नये, पावले हलवावीत.

नंतर पिवळी. तिचा आकार बरेच काही सांगतो. रेघेचे जाळे दहाच्या भोवती गोलसर आणि लहान असेल तर धरण, म्हणजे रायफल स्थिर धरून ठेवणे, चांगली आहे. आडवे पसरले असेल तर शरीर डोलते आहे, आणि त्याचा माग बहुधा पावलांतील अंतर, वजनाची विभागणी किंवा गुळगुळीत फरशीवर घसरणारे बूट यांत लागतो. उभे पसरले असेल तर श्वास कुठे थांबवला जातो आणि डाव्या हाताचा कोपर बरगडीखाली नीट टेकला आहे का, हे तपासावे. हे निदान एकदोन शॉटवर करू नये. वीसेक शॉटच्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्यावरच आकार खरा दिसतो.

सर्वांत बोलकी असते निळी. पिवळी रेघ दहामध्ये शांत बसली आहे आणि निळी मात्र सुईसारखी सरळ बाहेर धावली आहे, असे दिसले की धरणीला दोष देऊ नये; ट्रिगर झटक्याने ओढला गेला आहे. याउलट पिवळीही पसरलेली आणि निळी तिच्यातच कुठेतरी, असे असेल तर ट्रिगर ठीक आहे, स्थिरता कमी पडते आहे. या दोन्ही शॉटना कदाचित ९.६ असा सारखाच गुण मिळेल. रेंजवरच्या मॉनिटरला त्यांच्यात फरक करता येत नाही. पण पहिल्या चुकीवर ट्रिगरचा सराव द्यावा लागतो आणि दुसरीवर धरणीचा.

आणखी एक आकडा पाहावा: शेवटच्या सेकंदातला किती टक्के वेळ नेम दहाच्या आत होता. त्याच्याच शेजारी दुसरा आकडा असतो, तो नेमाच्या स्वतःच्या सरासरी मध्याभोवतीची स्थिरता दाखवतो. दुसरा चांगला आणि पहिला वाईट असेल, तर मुलगी स्थिर आहे पण चुकीच्या जागी स्थिर आहे. बहुतेक वेळा ट्रेनरची जुळणी किंवा साइटची क्लिक (साइट किंचित सरकवण्याची पायरी) बघून काम भागते. दोन्ही वाईट असतील तरच काळजी. बाकीचे डझनभर आकडे आणि आलेख पहिल्या वर्षी उघडूही नयेत.

पांढरी_भिंत

निळ्या रेघेविषयीचा मुद्दा मान्य. हा फरक भिंतीसमोर कळत नाही, तिथे तो ज्याचा त्याला जाणवावा लागतो आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तो सांगता येत नाही. तरीही सुचवतो की आठवड्यातून एक दिवस ट्रेनर काढून ठेवावा आणि मुलीने शॉट सुटताच, काहीही न पाहता, तो कुठे गेला असेल हे वहीत लिहावे. इतर दिवशीही आधी अंदाज, मग रेघ. अंदाज आणि रेघ यांतील तफावत कमी होत गेली तर उपकरण कामी येते आहे.

दहा_पूर्णांक_नऊ

या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन.

बाणेरची_आई

हॉल आज मोजून पाहिला. टीव्हीचे कपाट वगळता पायाच्या खुणेपासून भिंतीपर्यंत ५.२० मीटर सलग मिळतात, त्यामुळे टार्गेट बरोबर पाच मीटरवर एका उभ्या फळीवर लावायचे ठरवले आहे. मुलगी उंचीने लहान आहे; नेम धरल्यावर नळी जमिनीपासून १.३० मीटरवर येते. मग टार्गेट १.४० च्याही खाली घ्यायचे का?

दहा_पूर्णांक_नऊ

हो. रेंजवर तिची नळी दहा मीटरमध्ये दहा सेंटिमीटर वर चढते, म्हणून पाच मीटरवर पाच सेंटिमीटर चढायला हवी, केंद्र १.३५ मीटरवर घ्या. तिचे वाढीचे वय आहे, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी, जॅकेट आणि बूट घालून, हे माप पुन्हा घ्या. फळीवर टार्गेट वर-खाली सरकवता येईल अशी खाच सुताराकडून आत्ताच करून घेतली तर पुन्हा भोके पाडावी लागणार नाहीत.